रोमन लोक गणिताच्या तासाला काय करतात?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. माझे ‘अं’, ‘म्हणजे’ आणि मधे वाजलेल्या कुकरच्या दोन शिट्ट्या काढून टाकल्यात. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)



आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, अरे हा कोड लिहिणारा माणूस, याचा रोमन साम्राज्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो एका धोतरापासून सुरू होतो.

मी राहतो इंग्लंडमध्ये, न्यूकॅसलला. माझी ताई इथून पंधरा मिनिटांवर राहते. तिची मुलगी इयर फोरमध्ये आहे, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलांचा वर्ग. एका गुरुवारी रात्री भाचीचा फोन आला, "मामा, तुझ्याकडे पांढरं धोतर आहे का? उद्या टोगा डे आहे." आता माझ्याकडे धोतर होतं. निघताना आईने बॅगेत कोंबलं होतं, पूजेला लागेल म्हणून. पूजा काही झाली नाही, पण धोतराचं सोनं झालं. दुसऱ्या दिवशी पोरगी रोमन होऊन शाळेत गेली.

संध्याकाळी विचारलं, काय शिकलात? म्हणाली, "टोगा घातला. द्राक्षं खाल्ली. ढाल रंगवली." मग जरा थांबून म्हणाली, "मिसने विचारलं, तुला रोमन व्हायला आवडेल की ब्रिटन? मला कळलंच नाही. मामा, आपण तेव्हा कोण होतो?"

मी म्हटलं, "आपण तेव्हा सातवाहन होतो." मोठा विनोद केल्यासारखा एकटाच हसलो. तिने फक्त बघितलं माझ्याकडे. उत्तर चुकीचं नव्हतं, पण तिच्या काहीच कामाचं नव्हतं. तिला सातवाहन माहीत नाहीत, आणि तिचा प्रश्न साताऱ्या-पैठणचा नव्हताच. तिचा प्रश्न होता, या गोष्टीत मी कुठे उभी राहू?

तो प्रश्न डोक्यात राहिला. त्या सत्रात शाळेने पालकांना विचारलं होतं की मदतीला कुणी येऊ शकेल का. ताई आणि भावोजी दोघांच्याही ड्युट्या. म्हणून मामा. चार वेळा गेलो. त्या चार वेळांत मी जे पाहिलं, जे चुकलं, आणि जे जमलं, ते आज सांगणार आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात सात ते अकरा वयोगटासाठी इतिहासात एक विषय ठरलेला आहे, रोमन साम्राज्य आणि त्याचा ब्रिटनवर झालेला परिणाम. त्यात ज्युलियस सीझरची इ.स.पू. ५५ आणि ५४ मधली स्वारी येते, मग सम्राट क्लॉडियसने इ.स. ४३ मध्ये खरोखर घेतलेला ब्रिटन, राणी बूडिकाचं बंड, हेड्रियनची भिंत हे सगळं येतं. आणि प्राथमिक शाळेत एकच शिक्षक बहुतेक सगळे विषय शिकवतो. त्यामुळे शिक्षक काय करतात, की सहा-सात आठवडे सगळ्या विषयांना एकच धागा लावतात. इतिहासात रोमन, चित्रकलेत रोमन, गणितात रोमन, पीटीला सुद्धा रोमन. कल्पना छानच आहे.

पण यात एक गंमत होते. गणिताच्या कागदावर येतं, एका तुकडीत ८० सैनिक, अशा ६ तुकड्या, तर एकूण सैनिक किती? बाजूला शिरस्त्राणाचं चित्र. आता सैनिक काढा आणि तिथे आंबे घाला. एका पेटीत ८० आंबे, अशा ६ पेट्या. गणितात काय बदललं? काहीच नाही. म्हणजे तिथे रोमन फक्त स्टिकरसारखे चिकटवलेत.

आमच्या धंद्यात असं खूप होतं. जुन्या अ‍ॅपला नवा रंग दिला की लोक म्हणतात नवीन व्हर्जन आलं. आत सगळं तेच. म्हणून मी स्वतःसाठी एक साधी चाचणी ठरवली. धड्यातून ‘रोमन’ हा शब्द काढून टाकायचा. धडा होता तसाच उभा राहिला, तर तो रोमनांचा धडा नव्हताच. धडा कोसळला, तर समजायचं की काहीतरी खरं आहे.

या चाचणीत पास होणारा पहिला धडा गणितातच सापडला.

इथे इयर फोरमध्ये रोमन अंक १०० पर्यंत वाचायला शिकवतात. आणि अभ्यासक्रमात त्याच ओळीत पुढे लिहिलंय की काळाच्या ओघात अंकलेखन बदलत गेलं आणि त्यात शून्य आणि स्थानिक किंमत आली, हे मुलांना कळावं. ही पुढची अर्धी ओळ वर्गात बहुतेक वेळा घाईत जाते. घड्याळावरचे आकडे वाचले, झालं.

मी मुलांना म्हटलं, अडतीस लिहा. रोमन पद्धतीने तीन एक्स, एक व्ही, तीन आय. सात अक्षरं. आता त्याखाली सत्तावीस लिहा. दोन एक्स, एक व्ही, दोन आय. आता बेरीज करा, पण आपले नेहमीचे आकडे मनात सुद्धा आणायचे नाहीत. पाच मिनिटं नुसता गोंधळ. अडतीसला सात अक्षरं आणि पन्नासला एकच, एल. मग आकडे एकाखाली एक मांडायचे तरी कसे?

एक मुलगा वैतागून म्हणाला, "मग यांनी एवढे पूल बांधले कसे?"

हा खरा प्रश्न! आणि याचं उत्तर असं, की ते या आकड्यांवर हिशेब करतच नव्हते. आकडे होते नोंद ठेवायला. हिशेब व्हायचा खड्यांनी. पाटीवर रकाने आखायचे, एककाचा, दशकाचा, शतकाचा, आणि त्यात खडे सरकवायचे. लॅटिनमध्ये छोट्या खड्याला ‘कॅल्क्युलस’ म्हणतात. कॅल्क्युलेटर हा शब्द तिथूनच आलाय. म्हणजे तुमच्या फोनमधल्या कॅल्क्युलेटरच्या पोटात एक खडा आहे.

मग आम्ही मैदानातून खडे आणले, कागदावर रकाने आखले, आणि तीच बेरीज दोन मिनिटांत झाली. मग मी १०५ मांडायला सांगितलं. शतकात एक खडा, दशकात काही नाही, एककात पाच. विचारलं, हा मधला रकाना रिकामा आहे, तो कागदावर कसा लिहाल? रोमनांनी तो लिहिलाच नाही. सी आणि व्ही, बस. रिकामा रकाना पाटीवर दिसत होता, पण लिहिताना गायब व्हायचा. त्या रिकाम्या जागेसाठी खूण काढायची, म्हणजेच शून्य लिहायचं, हे भारतात झालं. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरात इ.स. ८७६ चा शिलालेख आहे, त्यात २७० या संख्येतलं शून्य आजही दिसतं.

आता इथे माझी कॉलर ताठ झाली होती हे कबूल करतो. पण लगेच दुसरी गोष्टही सांगितली, कारण ती खरी आहे. आपल्या जुन्नरजवळ नाणेघाट आहे. तिथल्या लेण्यात सातवाहन राणीने दान दिलेल्या गाई आणि नाण्यांचे आकडे कोरलेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. त्या आकड्यांत दहाला वेगळी खूण, शंभरला वेगळी, हजाराला वेगळी. शून्य नाही, स्थानिक किंमत नाही. म्हणजे त्या काळी घाटातला लेखनिक आणि रोममधला लेखनिक, दोघे साधारण एकाच अडचणीत होते. ‘आम्ही हुशार, ते ढ’ अशी गोष्ट नाहीये ही. माणसाला एक गोष्ट सुचायला किती शतकं लागतात, याची गोष्ट आहे. मुलांना ती नीट कळली. मोठ्यांनाच जरा वेळ लागतो.

दुसरा धडा मैदानावरचा. हेड्रियनची भिंत इथून जवळच आहे. इ.स. १२२ मध्ये बांधायला घेतली, या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत ८० रोमन मैल. रोमन मैल म्हणजे हजार ‘पासुस’. आणि एक पासुस म्हणजे उजवा पाय टेकला तिथून पुन्हा उजवा पाय टेकेपर्यंतचं अंतर, म्हणजे आपली दोन पावलं. मैल या शब्दातला हजार तो हाच.

मुलं मैदानात वीस-वीस पासुस चालली आणि टेपने मोजलं. कुणाचा पासुस ९० सेंटिमीटर, कुणाचा सव्वा मीटर. रोमन पासुस साधारण १ मीटर ४८ सेंटिमीटर. लगेच भांडण, मग मैल कुणाच्या पायाचा धरायचा? एक उंच मुलगी म्हणाली, माझ्या. एकाने विचारलं, सैनिक दमला की मैल लहान होतो का? मोजमापाला सगळ्यांनी मान्य केलेलं एक माप का लागतं, हे त्या भांडणातून आपोआप आलं. मग गुणाकार केला. ८० गुणिले १.४८, म्हणजे साधारण ११८ किलोमीटर. आपल्या हिशेबाने ढोबळमानाने पुण्याहून साताऱ्यापर्यंत दगडी भिंत बांधण्यासारखं. त्या भिंतीवर दर रोमन मैलाला एक छोटी चौकी आणि दोन चौक्यांच्या मधे दोन टेहळणी बुरूज. मुलांनी नकाशावर खुणा करून पाहिल्या. गणित, भूगोल आणि पीटी, तिन्ही एका तासात झालं आणि कुणाला कळलंही नाही की विषय कधी बदलला.

तिसरा धडा माझ्या घरचा, कॉम्प्युटरचा. ज्युलियस सीझर खाजगी पत्रांत अक्षरं तीन घरं पुढे सरकवून लिहायचा, असं रोमन चरित्रकार सुएटोनियसने नोंदवलंय. आजही प्रोग्रॅमिंग शिकताना हा ‘सीझर सायफर’ सगळे करतात. वर्गात मुलांनी इंग्रजीत केलं. घरी भाची म्हणाली, मराठीत करू. ‘कमल’ हे आजीचं नाव. बोटांवर मोजून तिने क चा घ केला, म चा ल केला, ल चा ष केला. झालं ‘घलष’. काना-मात्रा आल्या तर? तिने ठरवलं, मात्रा जागेवरच राहतील, फक्त अक्षर सरकेल. एका आठ वर्षांच्या मुलीने घेतलेला हा डिझाइनचा निर्णय आहे हो!

मग मी तेच लॅपटॉपवर चार ओळींत लिहिलं, तर उत्तर आलं ‘घऱव’. वेगळंच! कारण कॉम्प्युटरच्या यादीत र आणि ल च्या मधे नुक्त्याचा ऱ बसलाय, आणि ल नंतर ळ आणि आणखी एक अक्षर आहे. तिची वर्णमाला शाळेतल्या तक्त्याची, कॉम्प्युटरची वर्णमाला युनिकोडची. ती म्हणाली, "म्हणजे पत्र पाठवणाऱ्याकडे आणि वाचणाऱ्याकडे एकच यादी हवी." अगदी! हे वाक्य आमच्या ऑफिसातल्या काही लोकांना फ्रेम करून द्यावंसं वाटतं.

पत्रांवरून आठवलं. भिंतीच्या थोडं दक्षिणेला व्हिंडोलांडा नावाचा किल्ला आहे. १९७३ पासून तिथे लाकडाच्या पातळ पापुद्र्यांवर शाईने लिहिलेली पत्रं सापडत आहेत. पोस्टकार्डाएवढी. त्यातलं एक पत्र साधारण इ.स. १०० च्या सुमाराचं, क्लॉडिया सेव्हेरा नावाच्या बाईंनी आपल्या मैत्रिणीला, सल्पिशिया लेपिडिनाला, वाढदिवसाला बोलावण्यासाठी पाठवलेलं. पत्र लेखनिकाने लिहिलंय, पण शेवटच्या ओळी तिने स्वतःच्या हाताने लिहिल्यात. बाईच्या हातचं लॅटिन इतकं जुनं फार थोडं मिळतं. मुलांनी पातळ लाकडी पट्टीवर शाईने निमंत्रणं लिहिली. शाई पसरते, चूक खोडता येत नाही, जागा कमी. मग वाक्य आपोआप छोटं होतं. भाषेच्या शिक्षकाने ‘थोडक्यात लिहा’ असं वर्षभर सांगून जे होत नाही ते एका पट्टीने केलं.

त्याच व्हिंडोलांडातल्या एका हिशेबात मिरीची नोंद आहे. दोन दिनारी. आता ही मिरी आली कुठून? इथे मी गप्प बसणं शक्यच नव्हतं.

झालं होतं असं, की स्वयंपाकाच्या तासाला ‘रोमन जेवण’ म्हणून पिझ्झा ठरला होता. मी हळूच सांगितलं की टोमॅटो अमेरिका खंडातला, रोमनांनी तो कधी पाहिलाच नव्हता. आणि आपलं नाक फार वर जायला नको म्हणून हेही सांगितलं की आमच्याकडे सुद्धा तेव्हा मिरची नव्हती, तीही तिकडूनच आली. टोमॅटो त्यांच्याकडे नाही, मिरची आमच्याकडे नाही. पण मिरी दोघांकडे होती. ती मलबारच्या किनाऱ्यावरून, आजच्या केरळमधून, मोसमी वाऱ्यांवर तांबड्या समुद्रात जायची. इजिप्तमधल्या बेरेनिके या बंदराच्या उत्खननात भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो मिरी मिळाली आहे. तिथून नाईल, मग भूमध्य समुद्र, मग कुठेतरी या पावसाळी टोकाला एक सैनिक दोन दिनारींची मिरी घेतोय. लीजनच्या सैनिकाला त्या काळी वर्षाला ३०० दिनारी मिळायचे. मुलांनी भागाकार केला, दोन दिनारी म्हणजे जवळजवळ अडीच दिवसांचा पगार. मग म्हणाली, एवढे पैसे तिखट खायला?

आणि हा व्यापार एकतर्फी नव्हता. त्याच काळातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या समुद्रप्रवासाच्या टिपणांत कल्याण, सोपारा, पैठण, तेर ही आपली गावं येतात. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात उत्खनन झालं, तिथे पोसायडन या समुद्रदेवाची कांस्याची छोटी मूर्ती निघाली. कोल्हापूरच्या टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. गेलात तर बघून या.

इथे मला वाटलं, भाचीला उत्तर मिळालं. बघ, आपण मिरीच्या वाटेवर होतो! तिने मान डोलावली. पण तो प्रश्न अजून सुटला नव्हता, हे मला सहलीच्या दिवशी कळलं.

सहल होती साउथ शील्ड्सला, टाईन नदीच्या मुखाशी. तिथे अर्बेया नावाचा रोमन किल्ला आहे. मी पाच मुलांच्या गटाबरोबर. तिथल्या संग्रहालयात एक थडग्याचा दगड आहे, दुसऱ्या शतकातला, १८७८ मध्ये सापडलेला. एक बाई वेताच्या खुर्चीत बसलीये. मांडीवर सूत कातायची चाती, एका बाजूला लोकरीची टोपली, दुसऱ्या बाजूला दागिन्यांची पेटी. चेहरा तेवढा फुटलाय. तिचं नाव रेजिना. वय ३०. ती कॅटुवेलाउनी या ब्रिटिश जमातीची, म्हणजे दक्षिणेकडची, आजच्या सेंट अल्बन्सच्या भागातली. दगड उभारणारा तिचा नवरा, बराटेस. तो पाल्मिराचा, म्हणजे सीरियातला. सरळ रेषेत सुद्धा साडेतीन हजार किलोमीटरहून जास्त अंतर.

दगडावर खाली लॅटिन मजकूर आहे. आणि त्याच्या खाली आणखी एक ओळ, पूर्ण वेगळ्या लिपीत, उजवीकडून डावीकडे. ती बराटेसच्या स्वतःच्या भाषेत, पाल्मिराच्या अरेमाइकमध्ये आहे. तिथे फार काही लिहिलेलं नाही. तिचं नाव, ती बराटेसने मुक्त केलेली होती एवढं, आणि शेवटी हळहळीचा एक शब्द. अभ्यासक सांगतात की वरचं लॅटिन व्याकरणात कच्चं आहे, आणि खालची ओळ मात्र सराईत हाताची.

भाची त्या ओळीसमोर उभी राहिली ती हलेचना. म्हणाली, "मामा, हे इथल्या कुणाला वाचता येत होतं का?" मी म्हटलं, फार थोड्यांना. "मग कुणासाठी लिहिलं?"

मी उत्तर देणार तेवढ्यात गटातल्या एका मुलाने पाटी वाचली आणि विचारलं, "मुक्त केलेली म्हणजे? त्याने बायको विकत घेतली होती?"

आणि मंडळी, मी पळालो. "त्या काळी असं असायचं, चला, पुढे शिरस्त्राणं आहेत," म्हटलं आणि गट पुढे नेला. मिरी, खडे, सायफर सगळ्यावर बडबडणारा मी, खरा प्रश्न आला तेव्हा मला शिरस्त्राण आठवलं.

त्यांच्या मिसने ते ऐकलं होतं. जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांनी सगळ्यांना परत त्या दगडासमोर बसवलं. शांतपणे सांगितलं की हो, रेजिना गुलाम होती. माणसं विकली जायची. भिंती, रस्ते, स्नानगृहं, आपण सत्रभर ज्याचं कौतुक केलं त्या जगात गुलामांचे कष्ट होते. मग त्यांनी तीनच प्रश्न विचारले. हा दगड कुणी उभारला? बराटेसने. यावर कुणाचं दुःख लिहिलंय? बराटेसचं. रेजिनाला काय वाटत होतं, ते कुठे लिहिलंय?

मुलं शोधायला लागली. खरंच शोधत होती, दगडाच्या कडेपर्यंत. मग एक जण म्हणाली, "कुठेच नाही." मिस म्हणाल्या, हो, आणि हे ‘कुठेच नाही’ सुद्धा वहीत लिहायचं.

मी रोज सर्व्हरचे लॉग वाचतो. लॉगमध्ये जे नोंदवलं तेवढंच दिसतं, जे नोंदवलंच नाही ते घडलं नाही असं होत नाही. हे मला नोकरीत दोन वर्षांनी कळलं. या मुलांना आठव्या वर्षी, एका दगडासमोर कळलं. कुणी रडलं नाही, कुणी घाबरलं नाही. त्यांनी बराटेसला राक्षस केलं नाही आणि फक्त प्रेमळ नवराही केलं नाही. दोन्ही गोष्टी एकदम धरून ठेवल्या. मुलांना कठीण गोष्ट पेलणार नाही असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ती आपल्याला सांगायला जमत नसते.

आणि बघा, त्या एका दगडाभोवती किती विषय येऊन बसले. इतिहास तर आहेच. पाल्मिरा कुठे, म्हणून भूगोल. दोन लिप्या, म्हणून भाषा. खुर्ची, टोपली, चाती कोरलीये, म्हणून शिल्पकला. बराटेसच्या प्रवासाचं अंतर आणि दिवस, म्हणून गणित. विकत घेतलेल्या माणसाला सोडून दिलं म्हणजे सगळं फिटलं का, हा तर आपण मोठेही सोडवत नाही असा प्रश्न. कुणी विषय ‘जोडले’ नाहीत. दगडाला विचारलेल्या प्रश्नांना ते लागले म्हणून आले. माझ्या स्टिकरच्या चाचणीपेक्षा हे सोपं आहे. आधी विषय घेऊन त्यात रोमन शोधत बसू नका. एक खरी वस्तू घ्या, मुलांना विचारू द्या, आणि ज्या प्रश्नाला जो विषय लागेल तो उघडा. ढाल रंगवायला माझी ना नाही, मजा येते. फक्त सहा आठवड्यांतले तीन आठवडे पुठ्ठा कापण्यात जाऊ नयेत.

सत्राच्या शेवटी प्रत्येक मुलाने एक मोठा तक्ता केला. भाचीने रेजिनाचा दगड काढला. खाली तिने इंग्रजीत माहिती लिहिली, सुंदर, एकही चूक नाही. आणि त्याच्याखाली एक ओळ मराठीत. ती तिने घरी कुणालाही न विचारता लिहिली होती. शाळेत ती कुणालाच वाचता येणार नव्हती. त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका होत्या, आणि ‘रेजिना’तला र थोडा उलटा झाला होता.

मला पहिल्यांदा हसू आलं. मग लक्षात आलं, बराटेसचं परक्या देशातलं लॅटिन कच्चं होतं आणि स्वतःची लिपी पक्की. हिचं नेमकं उलट आहे. इंग्रजी पक्कं, आणि मराठी हातातून निसटत चाललंय. ताईने तो तक्ता बघितला आणि बराच वेळ काही बोलली नाही. त्या रविवारपासून मामाची मराठीची शिकवणी सुरू झाली. अजून चालू आहे. दांड्या होतात, पण चालू आहे.

आपण तेव्हा कोण होतो, हे तिने परत विचारलं नाही. मीही काढलं नाही. चुका मी दुरुस्त करायला गेलो तर म्हणाली, "राहू दे मामा, दगडावर पण चुका आहेत."

तर मंडळी, तुमच्या घरात किंवा वर्गात या वयाची मुलं असतील, तर या आठवड्यात एक करून बघा. मूठभर खडे आणा, कागदावर तीन रकाने आखा, आणि १०५ मांडायला सांगा. मग विचारा, मधल्या रिकाम्या रकान्यात काय लिहायचं? उत्तर लगेच सांगू नका. ती काय म्हणाली ते मला नक्की कळवा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!